दात्यांच्या गावात दात्यांचा हिशोब



सेंदाईत नव्याने आलेल्या मराठी माणसाला पहिल्या आठवड्यात एक विनोद सुचतोच. शहर वसवलं दाते मासामुने यांनी, किल्ल्यावर घोड्यावर बसलेला पुतळा दात्यांचा, आणि २०१३ पासून शहरात ज्या भाड्याच्या सायकली मिळतात त्यांचं नाव 'दाते बाइक'. म्हणजे हे सोलापूरच्या पंचांगवाल्यांचेच कोणीतरी असणार! मीही तो विनोद केला, बऱ्याचदा केला, शेवटी सौ.ने त्यावर बंदी घातली. आज लिहायचं आहे ते वेगळ्या दात्यांबद्दल. सायकलच्या चक्रांवरच्या.

निमित्त असं की गेल्या काही वर्षांत आमच्या ओळखीच्या चार मराठी घरांत रोड बाइक आल्या. कारण चारही घरांत एकच: कंपनीची वार्षिक तपासणी. इथे २००८ पासून चाळिशीच्या पुढच्यांची कंबर टेप लावून मोजतात आणि पुरुषाची ८५ सेंटिमीटर भरली की कागदावर 'मेताबो'चा इशारा येतो. (८५ सेंटिमीटर! आमच्या गावाकडे एवढ्या कंबरेच्या माणसाला 'जेवत जा रे' म्हणतात.) तर चार सायकली आल्या, आणि त्यांतल्या दोन आज बाल्कनीत ताडपत्रीखाली आहेत. मालकांना विचारलं तर एक म्हणतो वेळ नाही, दुसरा म्हणतो गुडघा दुखतो. दोन्ही सायकली मी चालवून पाहिल्या. माझं स्पष्ट मत: माणसांचा दोष नाही, गिअरचा आहे. आणि हे मला कळतं कारण तिसरी सायकल माझी, आणि तीही ताडपत्रीखाली जाता जाता वाचली आहे.

माझी सायकल मी जुनी घेतली. वजनाला हलकी, दिसायला देखणी, किंमत नवीच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी. पुढे दोन चक्रं, ५३ आणि ३९ दात्यांची. मागे दहा, १२ पासून २५ पर्यंत. आधीचा मालक शर्यतीत उतरणारा असणार, हे मला नंतर समजलं. दुकानात मी रंग बघितला, ब्रेक दाबून बघितले, आणि एक बोटाने उचलून बघितली. दाते मोजायचे असतात हे कुणी सांगितलं नव्हतं. लहानपणी तासावर भाड्याने घेतलेल्या सायकलीला कुठे गिअर होता? पुढे एक चक्र, मागे एक फ्रीव्हील, आणि चढ आला की उतरून ढकलायची. नळीच्या आतून पाय घालून शिकलेली आपली पिढी, गिअर म्हणजे 'जितके जास्त तितकं भारी' एवढंच आपलं ज्ञान.

पहिल्या रविवारी समुद्राकडे गेलो. सेंदाईचा पूर्व भाग म्हणजे सपाट भातशेती, आणि किनाऱ्यालगत दात्यांच्या काळात खोदायला सुरुवात झालेला तेइझान कालवा. आराहामाची शाळा वाटेत लागते. ११ मार्च २०११ ला त्सुनामी आली तेव्हा ३२० माणसांनी या इमारतीत आसरा घेतला होता. २०१७ पासून ती आहे तशी जपून लोकांना बघायला खुली केली आहे. तिथे थांबल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. त्या मार्चमध्ये आम्ही इथेच होतो. पेट्रोलसाठी मैलभर रांगा, गाड्या उभ्या, रेल्वे बंद, आणि आमच्या घरचं सगळं पाणी आणि तांदूळ आणले ते सौ.च्या तीन गिअरच्या मामाचारीने. पुढे टोपली, मागे कॅरिअर, वजन वीस किलो. त्या सायकलीला मी आजही नावं ठेवू देत नाही.

असो. सपाटीवर नवीन सायकल वाऱ्यासारखी पळाली. दुसऱ्या रविवारी आओबायामा चढायला घेतला. ज्यांनी तोहोकू विद्यापीठात दिवस काढलेत त्यांना हा चढ सांगायला नको. २०१५ च्या डिसेंबरात तोझाई मेट्रो सुरू होऊन डोंगरावर स्टेशन झालं, त्याआधी लोक बसने नाहीतर धापा टाकत जात. उंची फार नाही, किल्ल्याची जागा सुमारे १३० मीटरवर, पण चढ नदीपासून एकदम सुरू होतो. सर्वांत हलका गिअर टाकूनही पायडल खाली जाईना. हँडल ओढत, उभा राहून, नागमोडी जात मी कसाबसा वर पोचलो आणि मासामुनेंच्या घोड्यासमोर बसून राहिलो. पुढच्या महिन्यात साकुनामीच्या रस्त्यावर तसंच, मग झाओला तर अर्ध्यातूनच परत. त्यानंतर उजव्या गुडघ्याच्या वाटीखाली दुखायला लागलं. जिने उतरताना जास्त. डॉक्टरांनी तीन आठवडे सायकल बंद करायला सांगितली, आणि वर विचारलं, "तुम्ही मिनिटाला किती वेळा पायडल फिरवता?" मला उत्तर देता आलं नाही. सगळं प्रकरण त्या प्रश्नात होतं.

आता थोडं गणित, पण पाचवी-सहावीचं. पुढच्या चक्राचे दाते भागिले मागच्या चक्राचे दाते, गुणिले चाकाचा घेर. रोड बाइकच्या चाकाचा घेर साधारण २.१ मीटर धरा. उत्तर येतं ते म्हणजे पायडलच्या एका पूर्ण फेऱ्यात सायकल किती मीटर पुढे जाते. माझा सर्वांत हलका गिअर ३९ आणि २५, म्हणजे ३.२८ मीटर. इंग्रजी पुस्तकांत हेच 'गिअर इंच' मध्ये सांगतात, ती पद्धत उंच चाकाच्या सायकलींच्या काळातली आहे. मला मीटर बरे वाटतात, कारण वेग ताबडतोब काढता येतो.

दाते मोजत बसायचीही गरज नाही, चक्रांवर बहुधा आकडे कोरलेले असतात. चष्मा लावून बघावं लागतं, इतकंच.

दुसरा आकडा म्हणजे तुमचा चढावरचा वेग. इथे बहुतेकजण स्वतःला फसवतात. मी, सायकल, पाण्याची बाटली, जाकीट सगळं मिळून ९० किलो धरलं. माझ्यासारखा हौशी, आठवड्यातून दोनदा चालवणारा माणूस तासभर टिकेल अशी ताकद १५० वॉट धरली. सात टक्क्यांचा चढ, म्हणजे शंभर मीटर पुढे गेलं की सात मीटर वर. या हिशोबाने वेग येतो ताशी आठ किलोमीटरच्या आसपास. हो, आठ. भरभर चालणारा माणूस सहाने जातो. त्यात लाजण्यासारखं काही नाही. घाटात ९० किलो वर उचलायचे आहेत, आणि गुरुत्वाकर्षण ओळख दाखवत नाही.

ताशी आठ किलोमीटर म्हणजे मिनिटाला १३३ मीटर. माझ्या ३.२८ मीटरच्या गिअरमध्ये त्यासाठी मिनिटाला ४१ फेरे. सपाटीवर माणूस आरामात ८०-९० फेरे मारतो, चढावर ६०-७० झाले तरी चालतात. ४१ म्हणजे प्रत्येक पायडल जिना चढल्यासारखं. ताकद तेवढीच लावायची असेल तर फेरे जितके कमी तितका प्रत्येक फेऱ्यातला दाब जास्त. ६३ फेऱ्यांऐवजी ४१ मारले तर दाब दीडपटीहून जास्त पडतो, आणि तो जातो गुडघ्याच्या वाटीवर. दहा टक्क्यांच्या चढावर तर वेग सहाच्याही खाली येतो, आणि माझे फेरे तीसच्या आत. तिथे तोल सांभाळणंच मुश्कील. मी नागमोडी का जात होतो ते कळलं.

हाच हिशोब वेगवेगळ्या जोड्यांवर करून पाहिला. पुढे ३४ मागे २८ घेतले तर त्याच सात टक्क्यांवर ५२ फेरे. ३४ ला ३४, म्हणजे एकास एक, तर ६३. पुढे ३० मागे ३४ असेल तर ७२. बघा, सायकल तीच, पाय तेच, चढ तोच, आणि ४१ चे ७२ झाले. कार्बनच्या चाकांवर लोक लाखभर येन घालतात आणि अर्धा किलो वाचवतात. ९० किलोत अर्धा किलो! त्या पैशात दाते बदलून वर बायकामुलांना ओन्सेनला नेता येईल.

घाट म्हटला की मला बोरघाट आठवतो. १८६३ पासून त्या घाटातून रेल्वे जाते, चढ एकास सदतीस, म्हणजे पावणेतीन टक्क्यांच्या आतला. तेवढ्यासाठी कर्जतला गाडीच्या मागे जादा इंजिनं लावतात, हे आपण सगळ्यांनी खिडकीतून वडे घेता घेता बघितलेलं आहे. तिथे कुणी म्हणत नाही की इंजिन कमकुवत आहे. मग आपणच सात टक्क्यांच्या चढावर पुरुषार्थ का दाखवायचा? मुंबई-पुणे सायकल शर्यतीत याच घाटात पहिला येणाऱ्याला 'घाटाचा राजा' किताब मिळतो. तो राजा निराळा. आपण प्रजा.

हा पुरुषार्थ जुना आहे म्हणा. टूर द फ्रान्समध्ये गिअर बदलणाऱ्या डिरेलरला १९३७ पर्यंत परवानगीच नव्हती. शर्यतीचे जनक आंरी देग्रांज यांचं मत असं होतं की गिअर हे पंचेचाळिशी ओलांडलेल्यांसाठी असतात. मी सत्तेचाळीस. म्हणजे माझी तर त्यांच्याकडूनही परवानगी आहे.

आता माझ्या सायकलीचं काय केलं ते सांगतो, कारण जुनी सायकल घेणारे यातच अडकतात. पहिला विचार स्वस्तातला: फक्त मागची कॅसेट बदलून २५ च्या जागी २८. हिशोब केला तर ४१ चे ४६ फेरे झाले. एवढ्याने गुडघा सुटत नाही. मग पुढचं ३९ काढून ३४ लावावं म्हटलं, तर कळलं की बसतच नाही. छोटं चक्र ज्या पाच बोल्टांवर बसतं त्यांचं वर्तुळ माझ्या क्रँकवर १३० मिलिमीटरचं, त्यावर ३८ च्या खाली जाता येत नाही. ३४ साठी ११० मिलिमीटरचा, ज्याला कॉम्पॅक्ट म्हणतात तो क्रँक लागतो. म्हणजे अख्खा क्रँक बदलणं आलं. तो मी जुन्या भागांच्या दुकानातून आणला, ५०-३४.

मागे ३४ दात्यांची कॅसेट लावायची तर प्रश्न डिरेलरचा. चेन ओढणारा तो लोंबता हात आखूड असेल तर मोठ्या चक्राखाली मावत नाही आणि सैल चेन गोळा करू शकत नाही. किती चेन गोळा करायची त्याचाही हिशोब सोपा आहे. पुढच्या दोन चक्रांतला फरक १६, मागच्या सर्वांत मोठ्या आणि छोट्यातला फरक ३४ वजा ११ म्हणजे २३, बेरीज ३९. शिमानोच्या ११ स्पीडच्या १०५ मालिकेत लांब हाताच्या डिरेलरची क्षमता बरोबर ३९ आहे आणि आखूड हाताच्या डिरेलरची ३५. हे आकडे कंपनी छापून देते. बघायचे मात्र आपण.

माझी सायकल १० स्पीडची, आणि इथे एक जुनी युक्ती कामाला आली. शिमानोच्या १० स्पीड रोड शिफ्टरबरोबर ९ स्पीडचा माउंटन बाइकचा डिरेलर बिनबोभाट चालतो, कारण दोघांची केबल ओढण्याची पट्टी एकच. (४७०० नंबरच्या टियाग्राला हे लागू नाही, आणि ११ स्पीडलाही नाही. उगाच भाग आणून बसाल.) दुकानात मी हे सांगितलं तेव्हा मालकांनी दातांतून हवा आत ओढली. जपानात राहिलेल्यांना त्या आवाजाचा अर्थ ठाऊक आहे. कंपनीच्या यादीत ही जोडी नाही, म्हणून ते बसवणार नाहीत, आणि त्यांचंही बरोबर आहे. मग एका शनिवारी मित्राच्या गराजमध्ये आम्ही दोघांनी बसवली. चेन नवी घ्यावी लागली. पुढचं मोठं आणि मागचं मोठं यांवरून, डिरेलरमधून न नेता, चेन गुंडाळायची आणि जिथे जुळेल तिथून आणखी दोन कड्या मोजून तोडायची. आखूड तोडलीत आणि चुकून मोठ्यावर मोठं टाकलंत तर डिरेलर मोडून चाकात जातो. ही कंजुशी करू नये.

नवीन सायकल घेणाऱ्यांची मात्र आता खरोखर चैन आहे. १२ स्पीडची १०५ आली तशी तिच्यात मागे ११-३४ आणि ११-३६ याच कॅसेट आल्या, म्हणजे पुढे ५०-३४ असेल तर एकास एक गिअर कारखान्यातूनच मिळतो. फक्त दुकानात पुढे ५२-३६ तर नाही ना, एवढं बघा. सवलतीत ठेवलेल्या सायकलींवर मला तेच जास्त दिसलं.

याची किंमत काय? फुकट काही नाही. माझ्या जुन्या १२-२५ कॅसेटवर १२ पासून १७ पर्यंत एकेक दाता वाढत जायचा. नव्या कॅसेटवर ११, १३, १५, १७, १९, २१, २३, २६, ३०, ३४. म्हणजे १४ नाही, १६ नाही, १८ नाही. सपाटीवर, विशेषतः हिवाळ्यात, झाओवरून पश्चिमेचा वारा (इथे त्याला झाओ-ओरोशी म्हणतात) तोंडावर येतो तेव्हा १७ जड वाटतो आणि १९ वर पाय भिरभिरतात. मधला अठरा पाहिजे होता असं दर मिनिटाला वाटतं. गटात बरोबरीने वेगात जाणाऱ्यांना हे फारच खुपतं. मी एकटा नाहीतर सौ.बरोबर जातो, त्यामुळे मी वेग थोडा कमी-जास्त करून भागवतो. सेंदाईत सपाट रस्ता पूर्वेला आहे, बाकी तिन्ही बाजूंना चढ. जो टोकियोच्या बाहेर नदीकाठच्या रस्त्यानेच जातो त्याने माझं ऐकून ३४ लावू नये, त्याला २८ सुद्धा पुरेल.

आणि ११ दात्यांचं काय? ५० ला ११ म्हणजे एका फेऱ्यात साडेनऊ मीटर. मिनिटाला ९० फेरे मारले तर ताशी ५१ किलोमीटर. मी त्या वेगाने फक्त उतारावर असतो आणि तेव्हा पाय थांबवून देवाचं नाव घेत असतो. म्हणजे ज्या गिअरची जाहिरात होते तो मला वर्षातून दोनदा लागतो, आणि जो रोज लागतो तो जुन्या सायकलीत नव्हताच.

हे सगळं बघून सौ.ने आपली सायकल घेतली, ती वेगळाच विचार करून. रंग नाही बघितला. दुकानात पहिला प्रश्न: "मागचा सर्वांत मोठा किती आणि पुढचा सर्वांत छोटा किती?" शिमानोने २०१९ मध्ये ग्रॅव्हल सायकलींसाठी जीआरएक्स काढलं, त्यात पुढे ४६-३० मिळतं. मागे ११-३४. मी म्हटलं, अगं, ४६ म्हणजे सपाटीला कमी पडेल. ती म्हणाली, तुम्ही सपाटीला किती वेगाने जाता? ताशी २६. आम्ही हिशोब केला. ४६ ला १७ टाकलं की २६ च्या वेगाला मिनिटाला ७६ फेरे, चेन जवळजवळ सरळ रेषेत. मला मात्र त्याच वेगाला ५० वर १९ किंवा २१ लागतो, जरासा चढ आला की चेन तिरकी होते आणि पुढचं चक्र बदलावं लागतं, की लगेच १६ दात्यांची उडी, मग मागचं दोन-तीनदा उलट बदला. हौशी माणसाला ४६-३० हेच खरं माप आहे असं माझं आता मत झालंय. ४६ ला ११ वर सुद्धा ताशी ४७ निघतात. कुणाला हवेत त्याहून जास्त?

सप्टेंबरच्या शेवटी आम्ही दोघं झाओ इकोलाइनवर गेलो. १९६२ साली खुला झालेला हा डोंगररस्ता हिवाळ्यात बंद असतो आणि एप्रिलअखेरीस बर्फाच्या भिंतींमधून उघडतो. गाडी तोगात्ता ओन्सेनला लावली. तिथून हजार मीटरच्या वर चढ, बराचसा सहा-सात टक्क्यांचा, अधूनमधून जास्त. याच रस्त्यावरून मी अर्ध्यातून परत आलो होतो. या वेळी पहिल्या तासातच सौ. वळणांपलीकडे दिसेनाशी झाली. मी माझ्या ३४-३४ वर मिनिटाला साठ फेरे मोजत राहिलो. गुडघा गप्प होता. दोनदा थांबलो, पण पाणी प्यायला. ढकलली एकदाही नाही.

कोमाकुसादाइरा म्हणून एक जागा वाटेत आहे, दरीच्या काठावर, तिथून हवा स्वच्छ असली तर पॅसिफिक दिसतो. मी पोचलो तेव्हा सौ. शिदोरी उघडून बसली होती आणि सगळीकडे धुकं. "वीस मिनिटांपूर्वी समुद्र दिसत होता," ती म्हणाली, आणि फोटो दाखवला.

ता.क. १: ज्या दोन मित्रांच्या सायकली ताडपत्रीखाली आहेत त्यांतल्या एकाचा क्रँक ११० चाच निघाला. फक्त कॅसेट, चेन आणि लांब हाताचा डिरेलर बदलायचा आहे. येत्या शनिवारी गराजमध्ये बसतोय. सेंदाईच्या आसपास असाल तर या, चहा-पोहे आमच्याकडून.

ता.क. २: पुण्याला गेल्यावर भावाच्या सायकलवर सिंहगड करायचा विचार असेल तर आधी फोन करून दाते विचारा. भाऊ "चांगली आहे रे, एकवीस गिअर आहेत" म्हणाला तर मानू नका.

हिशोबात कुठे चुकलो असेन तर जाणकारांनी सांगावं. चू.भू.द्या.घ्या.